वाढली म्हण

आमच्या घरी माळ तुटायची आणि पोत वाढायची. होतं दोन्हीकडं तेच, दोरा झिजायचा आणि मणी घरभर पळायचे. पण पोवळ्याची, अकिकाची, स्फटिकाची माळ असली तर बिनदिक्कत ‘तुटली’ म्हणायचं आणि मंगळसूत्राची काळी पोत असली तर ‘वाढली’. बायका सगळीकडंच असं बोलतात, फुटलेल्या बांगडीलाही वाढलीच म्हणतात, त्यात नवल काही नाही. पण इतर घरांत असा प्रसंग कधीमधी येतो. आमच्याकडं तो रोजचा होता, कारण वडील पटवेकरी होते. लोकांचे दागिने रेशमात ओवून, गाठवून देणं हा आमचा धंदा. गिऱ्हाईक उंबऱ्यात आलं की त्याच्या हातात काय आहे ते बघून तोंडातून बरोबर शब्द निघायला हवा. हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. उष्ट्या हातानं मिठाला हात लावायचा नाही, हे जसं आपोआप कळतं तसंच हे कळलं.

साताऱ्यात मोती चौकामागच्या एका बोळात आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, भिंतीला पाठ लावून बसायचे. रेशमाचा दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवायचा, त्यावर मेण ओढायचं, टोक पिळून ताठ करायचं आणि मणी घेत सुटायचं. सुई घातली तर वेज मोठं होतं असं ते म्हणायचे. मण्याच्या भोकाला आमच्याकडं वेज म्हणतात. मागच्या खोलीत बसून आई तेच काम करायची, फक्त तिला कुणी पटवेकरी म्हणायचं नाही. खरं तर गाठीला हात आईचाच. नानांची गाठ नीटस असायची, आईची दिसायचीच नाही. गिऱ्हाइकाला ते हे सांगायचे नाहीत, पण जेवायला बसले की तिला चिडवायचे, “तुज्या गाठी मी माज्या नावानं खपवतोय. लगीन केल्याचा तेवडाच फायदा.”

“आन तोटा?” आई विचारायची.

“तोटा काय, तुजं तोंड!”

आईचं तोंड फटकळ होतं हे खरं. ते मी पुरेपूर उचललंय.

नाना गेले तेव्हा मी दहाएक वर्षांची असेन, सत्तर साल असावं. लोणंदच्या बाजाराचा दिवस होता. बाजारात ते करगोटे, गोंडे, पोती घेऊन बसायचे आणि ओवायची कामं जागच्या जागी करून द्यायचे. सकाळी आईनं ट्रंकेतून त्यांचा माल काढला आणि उठताना तिची पोत ट्रंकेच्या कडीत अडकली. काळे मणी फरशीवर उड्या मारत पलंगाखाली गेले. हातातलं गाठोडं तसंच छातीशी धरून आई म्हणाली, “आगं बया, तुटली!”

“वाढली म्हण,” नाना म्हणाले. रागानं नाही, हसत म्हणाले.

“व्हय, वाढली. दिवसभर तुटली-तुटली करून जिबंला वळणच पडलंय.”

“सांच्याला आलो की ओवतो. आन पटवेकऱ्याच्या बायकूची पोत कच्ची निघाली म्हनून कुनाला सांगू नगंस.” सवाष्णीचा गळा मोकळा ठेवत नाहीत, म्हणून त्यांनी पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून तिच्या गळ्यात घातलं. मी पलंगाखाली शिरून मणी वेचले आणि वाटीत ठेवले. नाना पिशवी उचलून एसटीला गेले.

दुपारी भर बाजारात त्यांच्या छातीत कळ आली. शेजारच्या दुकानदारानं पाणी पाजलं, कुणी डॉक्टरला बोलवायला धावलं, पण तोवर सगळं संपलं होतं. संध्याकाळी त्यांना कांद्याच्या ट्रकातून घरी आणलं.

आईचं मंगळसूत्र उतरवायला शेजारच्या बायका पुढं झाल्या तेव्हा गळ्यात उतरवण्यासारखं काही नव्हतंच. गळ्यात हळकुंड आणि मणी वाटीत. पिवळा दोरा सोडायचा असतो की तोडायचा, यावर दोघींची कुजबुज झाली. शेवटी आईनंच हात मागं नेऊन गाठ सोडली. नानांनी सकाळी मारलेली गाठ होती, सहज सुटली. वाटीतले मणी दुसऱ्या दिवशी माहुलीला नदीत सोडले.

त्यानंतर काळी पोत आमच्या उंबऱ्याशी यायची थांबली. वाईट कुणीच बोललं नाही. विधवेच्या हातनं ओवलेलं मंगळसूत्र कोण घालणार, हे न बोलताच सगळ्यांना ठाऊक होतं. बायका आईकडं यायच्या, बसायच्या, तिच्यासाठी डोळ्याला पदर लावायच्या, आणि जाताना पदराखाली धरलेली पोत पलीकडच्या गल्लीतल्या पटवेकऱ्याकडं न्यायच्या. मला त्या बायकांचा असा संताप यायचा की त्यांच्या चपला उचलून गटारात टाकाव्यात असं वाटायचं. एकदा एकीची टाकलीही. आईला मात्र राग येत नव्हता. घरातल्या काळ्या मण्यांच्या लडी तिनं स्वतःच बांधल्या आणि त्याच पलीकडच्या पटवेकऱ्याला देऊन टाकल्या.

उरले खडे. नानांनी हौसेनं कुठून कुठून जमवलेले. खंबायती अकीक, तामडे, स्फटिक, थोडी पोवळी, थोडे गोमेद. वेज पाडलेले, पण एकाचा आकार दुसऱ्याला जुळत नाही म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिलेले. आई ते सुपात ओतून दारात उजेडाला बसायची आणि डाळ निवडावी तशी निवडत राहायची. निवडायची कसली, नुसती बोटं फिरवायची. मला वाटायचं हिचं डोकं फिरलं. मग एक दिवस तिनं अंगठ्याला दोरा अडकवला.

त्या माळांत सोनं नव्हतं, काळा मणी नव्हता. मागं अडकवायला चांदीचा एवढासा आकडा, बाकी धातूचं नाव नाही. प्रत्येक दोन खड्यांमधे एक गाठ, म्हणजे कधी तुटलीच तर एकच खडा सांडावा. एक खडा धुरकट, एक काकवीच्या रंगाचा, एक लहान, एक बोराएवढा. सुपात पाहिले तर एकमेकांचे कुणी नाहीत, आणि माळ गळ्यात आली की हे असेच असायला हवे होते असं वाटायचं. शेजारी सोनार होता. तो म्हणायचा, “वहिनी, असलं करून आमच्या पोटावर पाय देतायसा. निदान दोन सोन्याचं मणी तर घाला मधी.”

“सोनं घातलं की समदी सोन्याकडंच बगत्यात,” आई म्हणायची. “मग खड्याकडं कोन बगनार?”

हातच्या कांकणाला आरसा कशाला? माळ एकीच्या गळ्यात दिसली की दुसरी पत्ता विचारत यायची. कॉलेजात शिकवणाऱ्या बाई आल्या, दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. खड्यांच्या माळेला विधवेचा हात चालत होता. तिच्यात शुभ काही नाही, म्हणून अशुभही काही नाही, असा तो हिशोब. मला तो तेव्हाही कळला नाही आणि आजही त्यात अक्कल दिसत नाही.

एकाहत्तरची लढाई होऊन गेल्यावर वाळव्याकडची एक पोरगी आली. पोरगीच म्हणायची, माझ्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठी. नवरा फौजेत होता, लढाईत गेला. सासऱ्याबरोबर साताऱ्याला कसल्याशा कामाला आली होती. म्हातारा बाहेर कट्ट्यावर बसला आणि ती आत येऊन आईसमोर बसली. आई म्हणाली, “काय पायजे बाळ?”

“काळा मणी नगं,” ती म्हणाली. “सोनं नगं. पन गळा असा मोकळा नगं वाटतोय मावशी. हात जातोय सारखा.” आणि तिचा हात खरंच गळ्याशी गेला, तिथं काही नव्हतं, तसाच खाली आला.

आईनं विचारलं, “त्यास्नी कंचा रंग आवडायचा?”

“हिरवा. फौजेत गेल्यापासनं लयच.”

आईनं सुपातून हिरवट अकीक वेचले, शेवाळलेल्या दगडासारखे दिसणारे. ती समोर बसलेली असतानाच माळ ओवून तिच्या गळ्यात घातली. पोरीनं माळेवरून हात फिरवला आणि मग आईकडं बघून सरळ विचारलं, “तुमच्या गळ्यात का न्हाई मग?”

आईनं सूप उचललं आणि ती आत गेली. सासऱ्यानं बाहेरून हाक मारली तशी पोरगी उठली. मी आईला नंतर तोच प्रश्न विचारला तर मला तिनं पाणी भरायला पिटाळलं.

उत्तर मिळालं ते दोन-तीन वर्षांनी. कचेरीतल्या एका कारकुनाची बायको नानांच्या वेळेपासून आमच्याकडं येत असे. मोठ्या मनाची बाई. एका दुपारी तिनं पदराआडून नाही, सगळ्यांच्या देखत आपली वाढलेली पोत आईसमोर ठेवली. “वहिनी, ही तुम्हीच ओवायची. दुसऱ्याच्या गाठी मला टोचतात. आणि एक सांगू? तुमच्या यजमानांच्या हातची म्हणून मी नेत होते ना, ती तुमच्याच हातची असायची. मला गाठीवरून कळत होतं.”

आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती. पण पोतीला तिनं हात लावला नाही. “न्हाई वहिनी. ती तेवडी नगा सांगू.”

“माझी काही हरकत नाही. माझ्या यजमानांचीही नाही.”

“माजी हाय,” आई म्हणाली.

ती बाई गेल्यावर मी आईवर तुटून पडले. लोक नाही म्हणत होते तोवर ठीक होतं. आता लोक पायरीवर येऊन हो म्हणतायत आणि ही नाही म्हणते! मी बरंच काही बोलले. आई तांदूळ धूत होती. पाणी ओतून देऊन ती म्हणाली, “लोकांमुळं न्हाई गं. ते माज्या तोंडानं गेले.”

मला आधी कळलंच नाही. मग ती सकाळ आठवली.

“तुटली म्हणालीस म्हणून?”

“तुटली म्हनले. त्येंच्या म्होरं म्हनले. त्ये म्हनले वाढली म्हण, तवर तोंडातनं गेलं हुतं.”

“शब्दानं माणूस मरतो होय?”

“मरत न्हाई तर समदी दुनिया वाढली का म्हनती?” आई म्हणाली. “येडी हाय?”

मी नववी-दहावीत असेन, वर्गात वादविवादात बक्षीस मिळवलेलं. ते बक्षीस इथं कामाला आलं नाही. आई तेवढंच बोलली आणि तिनं तांदूळ चुलीवर चढवले. त्या दिवसापासून मात्र मी एक ठरवून टाकलं. हिच्या हातून काळी पोत ओवून घ्यायचीच. कुणाची नाही तर माझी. ती एकदा तिनं ओवली आणि काही वाईट झालं नाही, की तिच्या मानेवरचं हे भूत उतरेल. माझ्या लग्नाची मला हौस होती ती जास्त करून यासाठी होती, हे माझ्या नवऱ्याला मी पुढं सांगितलं तेव्हा तो बिचारा म्हणाला, “मग मी कशाला होतो?”

लग्न सांगलीला ठरलं. नवरा हळदीच्या वखारीत कारकून. सासरे नव्हते, सासू होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. सुपारी फुटली त्या दिवशीच मी लाज सोडून त्यांना सांगितलं की माझी पोत माझ्या आईनं ओवावी. त्यांच्याही कपाळी कुंकू नव्हतं. मग आईला म्हणाल्या, “विहीणबाई, पोर म्हनती तर तुमीच ओवा. आमाला चालतंय. आयच्या हाताला कसला आलाय इटाळ?”

सोनारानंच कान टोचावे लागतात म्हणतात. मला वाटलं, माझं ऐकत नाही पण विहिणीचा शब्द मोडणार नाही. आईनं हात जोडले. “तुमचं मन मोठं हाय. पन पोरीचं कपाळ माज्या हातानं मला पुसायचं न्हाई.”

पोत सांगलीतल्या पटवेकऱ्यानं ओवली. मी बघितली आणि तोंड वाकडं केलं. गाठी ढिल्या, रेशमात सूत मिसळलेलं. लग्नात ती माझ्या गळ्यात पडली तेव्हा आई मांडवात नव्हती, मागं पंगतीच्या भाताजवळ होती. अक्षता टाकायला तिला माझ्या मामीनं ओढून आणायचा प्रयत्न केला, पण ती आली नाही. निघताना तिनं माझ्या हातात तिनं ओवलेली खड्यांची माळ ठेवली, गडद तामड्यांची, डाळिंबाच्या दाण्यांसारखी. मी ती घातली नाही. पिशवीत टाकली आणि एसटीत कऱ्हाडपर्यंत रडले. नवऱ्याला वाटलं माहेर सुटल्याचं रडू आहे.

पुढच्या पंचमीला मी माहेरी आले. बोळाच्या तोंडाला चिंचेच्या झाडाला पोरींनी झोका बांधला होता. मी उभ्यानं झोका चढवला आणि उतरताना पोत दोराला अडकली. सांगलीच्या पटवेकऱ्याची पुण्याई, एका हिसक्यात सगळे मणी मातीत. पोरी गोळा करायला लागल्या. आई दारातनं बघत होती. तिथूनच ती घाईनं म्हणाली, “वाढली. वाढली, काय न्हाई हुत. ये घरात.”

मी मणी ओच्यात घेऊन घरात आले. ती पिवळा दोरा आणि हळकुंड शोधत होती. डबा उघडते, मिटते, तोच पुन्हा उघडते. माझ्या पोतीला हात लावायला लागू नये म्हणून मणी माझ्याच ओच्यात राहू दिले होते. ते बघून माझं डोकं फिरलं.

“ओव,” मी म्हणाले.

“पलीकडं देऊन ये.”

“आई, तुटली आहे ती. तू ओव.”

तिनं मान वर केली. “वाढली म्हण.”

“तुटली.”

“वाढली म्हण गं बाई.”

“तुटली, तुटली, तुटली!” मी ओरडले. “बघू काय होतंय ते!”

आईनं माझ्या तोंडात मारली. लहानपणी मारलं असेल तेवढंच, त्यानंतर पहिल्यांदा. मग तिनं माझं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं, जणू बाहेर गेलेलं परत आत ढकलता येईल. मला पिवळा दोरा बांधला, लुगडं बदललं, एका फडक्यात भाकरी-चटणी बांधली आणि म्हणाली, “चल.”

“कुठं?”

“सांगलीला. जावईबापूस्नी बगायचंय.”

सणाचा दिवस, पुरणाची दिंडं चुलीवर. ती तशीच झाकून आम्ही एसटी पकडली. कऱ्हाड आलं, पेठ आलं, इस्लामपूर आलं. समोरून ट्रक आला की आई डोळे मिटायची. इस्लामपूरच्या स्टँडवर मी चहा घेते का विचारलं, तर तिनं फक्त गाडी कधी सुटते ते विचारलं. माझा राग आष्ट्यापर्यंत टिकला. मग मलाच भीती वाटायला लागली. शिकलेली मुलगी मी, तरी सांगलीचा पूल येईपर्यंत मनातल्या मनात ‘वाढली, वाढली’ म्हणत होते.

घरी आत्याबाई एकट्याच होत्या. नवरा वखारीत गेला होता, हळदीच्या व्यापाराला पंचमी-बिंचमी नसते. आई बाहेरच्या पायरीवर बसली ती उठेना. संध्याकाळी तो कोपऱ्यावर दिसला, नेहमीसारखा बोटांपासून कोपरापर्यंत पिवळा, सदऱ्याची बाही पिवळी. आई ताडकन उभी राहिली.

“बरं हाय न्हवं?” तिनं विचारलं.

“मला काय झालंय मामी?” तो म्हणाला आणि हळदीच्या धुरळ्यानं सवयीप्रमाणे शिंकला. आईचा चेहरा पांढराफटक पडला. मला रडावं की हसावं कळेना.

आत्याबाईंना मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. “ऱ्हाऊ दे त्यास्नी,” म्हणाल्या, “डोळ्यानं बगू द्यात.” आई राहिली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नसतं, म्हणून पहिल्या दिवशी तिनं स्वतःची भाकरी खाल्ली आणि शेजारणीकडून तांब्या भरून आणला. आत्याबाई म्हणाल्या, “विहीणबाई, पाणी तर सरकारी नळाचं हाय. आमचं कुटं हाय त्यात?” तेव्हा तिनं घेतलं, पण अन्न शेजारणीकडंच. दिवसभर ती पायरीवर. नवरा सकाळी जाताना त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघायची, दुपारी जेवायला आला की त्याच्या प्रत्येक घासाकडं बघायची. त्याला ते अवघडल्यासारखं व्हायचं, पण माणूस शहाणा, मुद्दाम चार घास जास्त खायचा आणि ढेकर द्यायचा. माझ्या गळ्यात हळकुंड होतं. आत्याबाईंनी पटवेकऱ्याकडं पोत देऊ का विचारलं, तर आई म्हणाली, “जरा थांबा.”

असे काही दिवस गेले. एका दुपारी नवरा जेवून, पान खाऊन, सायकलवर बसून वखारीत गेला. आई पायरीवरून उठून आत आली आणि मला म्हणाली, “आन ती पोत.”

मी धावत जाऊन मण्यांची पुरचुंडी आणली. रेशीम कुठून आणायचं हा प्रश्न मी विचारायच्या आत तिनं पिशवीतून रेशमाची लडी आणि मेणाचा गोळा काढला. साताऱ्याहून निघताना, त्या घाईत, तिनं ते घेतलं होतं. ती खोलीच्या मधे बसली, अंगठ्याला दोरा अडकवला, मेण ओढलं आणि काळे मणी घ्यायला लागली. आठ-नऊ वर्षांनी घेत होती, पण बोटं काही विसरली नव्हती. आत्याबाई जात्याशी टेकून बघत होत्या. मी समोर बसले. मी जिंकले होते आणि मला ते बोलून दाखवल्याशिवाय राहवेना.

“बघितलंस ना? इतक्यांदा तुटली म्हणाले. झालं काही?”

“न्हाई झालं,” आई म्हणाली.

“मग? शब्दानं काही होत नाही.”

“न्हाई हुत.” तिनं आणखी थोडे मणी घेतले. माहेरची वाटी घेतली. मग तिचे हात थांबले. दोरा अंगठ्यापासून बोटांपर्यंत ताणलेला, अर्ध्यावर मणी.

“मग ते कशानं गेले गं?” तिनं मला विचारलं.

“छातीत कळ आली होती आई. काळीज बंद पडलं. डॉक्टर म्हणाले होते.”

“ते ठाव हाय मला. पन का? चाळिशी न्हवती आली. दुखनं न्हाई, खुपनं न्हाई. हसत गेले घरातनं.” ती माझ्याकडं बघत होती, खरोखर उत्तर हवं असल्यासारखी. “माज्यामुळं गेले म्हनत हुते मी, तवा मला निदान ठाव हुतं कशानं गेले ते. बोल लावाय मी हुते. आता कुनाला लावू?”

हे मी कधी धरलंच नव्हतं. तिच्या मानेवरचं भूत उतरवायचं एवढंच मला माहीत होतं. ते उतरल्यावर तिच्याजवळ काय उरेल याचा विचार माझ्या मनात आला नव्हता.

तिनं पोत पुरी केली. अर्धी पोत खाली ठेवत नाहीत. सासरची वाटी घेतली, उरलेले मणी घेतले, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. मला पाठमोरी बसवून हळकुंड सोडलं आणि पोत गळ्यात बांधली. पुढं येऊन बघितली, एक वाटी सरळ केली. “मापात हाय,” म्हणाली.

मग ती रडायला लागली. नाना गेले त्या दिवशी ती रडली नव्हती. बायकांनी गळ्यात पडून, हलवून तिला रडवायचा प्रयत्न केला होता. आज ती माझ्या घरात, भर दुपारी, जमिनीवर हात आपटून रडत होती. “का गेलासा,” असं नानांना विचारत होती, “मला टाकून का गेलासा.” रस्त्यावरची माणसं दारात येऊन कोण गेलं म्हणून विचारायला लागली. आत्याबाई उठून त्यांना म्हणाल्या, “आमच्या विहीणबाईंचं मालक गेलं.”